फिल्म सपाट ठेवायची काच: कोणती घ्यायची आणि कोणत्या अंगाला लावायची

निगेटिव्ह स्कॅन करायला लागलेला माणूस माझ्याकडे येतो तो बहुधा एकच तक्रार घेऊन. मधला भाग फोकसमध्ये आणला की कोपरे जातात आणि कोपरे सांभाळले की मधले चेहरे मऊ पडतात. पाठोपाठ प्रश्न येतो, "ताई, कोणती काच घेऊ?" मी आधी विचारते, काच लागणारच आहे का? कारण काच आली की तिच्याबरोबर धूळ बसायला दोन नवे पृष्ठभाग येतात, बोटांचे ठसे येतात, आणि निवड चुकली तर स्वच्छ आकाशात रंगीत वलयं उमटतात.

छपाईपूर्व विभागात मी बराच काळ कॉन्टॅक्ट फ्रेम (फिल्मवर फिल्म दाबून प्रत काढायची काचेची चौकट) आणि ड्रम स्कॅनर (फिरत्या नळकांड्यावर फिल्म लावून वाचणारं यंत्र) यांवर काम केलं. आता घरी लोकांच्या जुन्या फिल्म स्कॅन करून देते. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे, ते आधीच सांगून टाकते: काच दिव्याच्या बाजूला लावायची. फिल्म आणि लेन्स यांच्या मध्ये शक्यतो काहीही येऊ द्यायचं नाही. कोणती काच, हा प्रश्न त्यानंतरचा. जागा बरोबर असली की मध्यम प्रतीची काचही निभावून नेते. जागा चुकली की भारी काचही डोक्याला ताप होते.

आधी फिल्म किती वाकली आहे ते बघा

फिल्मच्या एका अंगाला जिलेटिनचं इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा थर, असतं, दुसरं अंग म्हणजे प्लास्टिकची पाठ. जिलेटिन ओलावा घेतं आणि सोडतं. हवा कोरडी झाली की ते आकसतं, पाठ त्या मानाने आकसत नाही, मग फिल्म इमल्शनच्या दिशेने पन्हाळीसारखी वळते. १२० रोल फिल्मच्या (मिडियम फॉरमॅटच्या रुंद फिल्मच्या) पाठीलाही जिलेटिनचा एक थर मुद्दाम दिलेला असतो, हा पीळ तोलण्यासाठी. तरीही ती ३५ मिमीपेक्षा जास्त त्रास देते, कारण तिची पाठ पातळ आणि रुंदी जास्त. मोठी शीट फिल्म बहुतेक पॉलिएस्टरवर असते. ती जाड आणि ताठ असल्यामुळे बरीच शहाण्यासारखी वागते.

पट्टी होल्डरमध्ये भरा आणि चकचकीत अंगावर ट्यूबलाइटचं किंवा खिडकीच्या कडेचं प्रतिबिंब तिरपं पाडून बघा. रेघ सरळ दिसली तर फिल्म सपाट आहे. रेघ धनुष्यासारखी वाकली तर किती वाकली, ते मोजायचं. कॅमेऱ्याने स्कॅन करत असाल तर लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा, लाइव्ह व्ह्यू मोठा करून मध्यभागी ग्रेनवर (फिल्मच्या दाणेदार पोतावर) फोकस करा, मग कोपऱ्यात जा आणि फोकसिंग रेलवर कॅमेरा किती सरकवावा लागतो ते वाचा. तोच तुमचा बाक, मिलिमीटरमध्ये.

आता हा बाक खपेल की नाही? फुल-फ्रेम २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ३५ मिमीची चौकट १:१ ला (म्हणजे सेन्सरवर तेवढ्याच आकारात), छिद्र एफ ८. अस्पष्टतेची मर्यादा ०.०१ मिमी धरली, म्हणजे जेमतेम दोन पिक्सेल, तर फोकसची खोली सगळी मिळून ०.३ मिमीच्या आसपास येते. पुढे-मागे वाटून घेतली तर प्रत्येक बाजूला ०.१५. वाकलेली पट्टी अर्धा मिलिमीटर सहज उचललेली असते, तेव्हा कोपरे का जातात ते कळेल. तोच कॅमेरा १२० फिल्मच्या ६×६ सेंटीमीटरच्या चौकटीवर लावला तर मोठेपणा ०.४३ पट होतो आणि खोली सव्वा मिलिमीटरपर्यंत जाते. मिडियम फॉरमॅटला ही सवलत मिळते, पण त्याची फिल्म वाकतेही तितकीच.

छिद्र बारीक करून हा प्रश्न सुटतो असं अनेकांना वाटतं. १:१ ला एफ १६ लावलं की लेन्स प्रत्यक्षात एफ ३२ सारखी वागते, आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाचा ठिपका चाळीस मायक्रॉनच्या वर पसरतो. पिक्सेल सहा मायक्रॉनचा. म्हणजे कोपरे मऊ होते, आता सगळीच चौकट एकसारखी मऊ. मी एफ ५.६ ते एफ ८ सोडत नाही आणि फिल्मलाच सरळ करते.

सरळ करायचा सोपा मार्ग म्हणजे पट्ट्या कापून, पाकिटात घालून, जड पुस्तकांखाली काही दिवस ठेवणं. बरीच ३५ मिमी फिल्म एवढ्याने वठणीवर येते आणि काचेचा विषयच संपतो. इमल्शन बाहेर येईल अशी उलटी, सैल गुंडाळी करून रात्रभर ठेवायची रीतही आहे, पण ती ताज्या आणि लवचीक फिल्मसाठी. जुनी, कडकडीत झालेली फिल्म उलटी वळवायला जाऊ नका. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, कडा आत ओढल्या गेल्या असतील, इमल्शनला सुरकुत्या पडल्या असतील, तर तिच्यावर काच दाबू नका. अ‍ॅसिटेटची पाठ कुजायला लागली आहे, ती दाबली की तडकते. अशी फिल्म जशी आहे तशीच, वेगवेगळ्या उंचीवर फोकस करून घ्यावी लागते. तो वेगळा विषय आहे.

काच दिव्याच्या बाजूलाच का

लेन्स आणि फिल्म यांच्या मध्ये काच आली की प्रतिमा तिच्यातून जाते. काचेवरचा ओरखडा, मळ, तिचा खरखरीतपणा, सगळं प्रतिमेच्या वाटेवर येतं. खोलीतला प्रकाश आणि कॅमेऱ्याचं स्वतःचं चकाकतं नाक तिच्यात दिसतं. शिवाय फोकस सरकतो. १.५२ वक्रीभवनांकाची साधी काच आपल्या जाडीच्या एक तृतीयांशाइतका फोकस पुढे ढकलते. २ मिमीच्या काचेने जवळपास ०.७ मिमी. काच लावूनच फोकस केला तर याचं काही बिघडत नाही, पण ज्या फ्लॅटबेडचा (झाकण असलेल्या सपाट टेबल-स्कॅनरचा) फोकस पक्का बसवलेला असतो तिथे हा सरक चांगलाच भोवतो.

तीच काच फिल्मच्या पलीकडे, दिव्याच्या बाजूला ठेवली की ती फक्त उजेडाच्या वाटेवर उरते. फोकस हलत नाही. तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावरची धूळ दोन-तीन मिलिमीटर लांब असल्याने विरून जाते. फिल्मला टेकणारा एकच पृष्ठभाग काटेकोर स्वच्छ ठेवायचा उरतो.

दुसरं कारण फिल्मच्या पाठीचं. फिल्म इमल्शनकडे वळते, म्हणजे तिचा फुगवटा पाठीच्या बाजूला येतो. फुगवट्यावर काच टेकवली की फिल्म सपाट होते. पोकळ बाजूवर काच ठेवली तर ती नुसती दोन कडांवर बसते आणि मधला भाग खाली लोंबतच राहतो. म्हणून रचना अशी: दिवा, काच, फिल्मची चकचकीत पाठ, इमल्शन, लेन्स. हाच क्रम डोक्यात ठेवायचा, मग यंत्र कोणतंही असो. डार्करूमच्या एन्लार्जरमध्येही (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रत काढायच्या यंत्रात), दिवा वर आणि लेन्स खाली, इमल्शन खालीच ठेवतात.

इमल्शन कोणतं ते ओळखायला फिल्म तिरपी धरा. मंद, किंचित उठाव दिसणारं अंग इमल्शनचं. शंका असेल तर कडेची अक्षरं आणि चौकटीचे आकडे बघा. पाठीकडून बघताना ते सुलटे वाचता येतात. इमल्शन लेन्सकडे ठेवल्यावर चित्र आरशातल्यासारखं उलटं येणार, ते सॉफ्टवेअरमध्ये आडवं उलटवायचं. कुणाच्या शर्टाचा खिसा त्याच्या स्वतःच्या उजव्या छातीवर दिसला की समजा, तुम्ही उलटवायचं विसरलात.

वलयांची भानगड

दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना जेमतेम टेकले की त्यांच्यामधल्या हवेच्या फटीतून परावर्तित झालेले प्रकाशकिरण कुठे एकमेकांना पूरक ठरतात, कुठे खोडतात. फट हिरव्या प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे पाव मायक्रॉनच्या थोडं वर बदलली की पुढचं वलय तयार. न्यूटनच्या आधी रॉबर्ट हुकने हे रंग पाहून नोंदले होते, पण मोजमाप न्यूटनने केलं आणि नाव त्याला चिकटलं. लेन्स घासणारे कारागीर याच वलयांवरून काच किती खरी उतरली ते तपासतात. आपल्याला मात्र ती नको असतात.

फिल्मची पाठ अत्यंत गुळगुळीत असल्याने वलयं मुख्यतः तिच्याकडे उठतात. इमल्शनला बारीक उठाव असतो म्हणून तिकडे सहसा नाहीत, पण नव्या काळातल्या काही फिल्मचं इमल्शन इतकं सपाट आहे की तिकडेही ती दिसतात. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ती करड्या लाटा म्हणून येतात, रंगीत फिल्मवर इंद्रधनुष्य. निगेटिव्ह उलटवताना कॉन्ट्रास्ट वाढतो, तसा त्यांचाही वाढतो, त्यामुळे पडद्यावर आधी न दिसलेलं वलय पॉझिटिव्हमध्ये एकदम अंगावर येतं. ज्या स्कॅनरमध्ये लाल, हिरवे, निळे वेगवेगळे एलईडी असतात तिथे ती जास्त ठळक, कारण प्रत्येक रंगाचा पट्टा अरुंद असतो. दमट हवेतही जास्त. फिल्म मऊ पडते आणि काचेला अधिक जवळून चिकटते.

फट पुरेशी मोठी झाली, अगदी कागदाच्या जाडीइतकी म्हणजे ०.१ मिमी, की वलयं नाहीशी होतात. म्हणून जवळपास सपाट असलेल्या फिल्मसाठी माझा पहिला उपाय साध्या काचेवर चौकटीच्या मापाची खिडकी कापलेला काळा कागद ठेवणं, आणि त्यावर फिल्म. कागदाने कडा उचलल्या जातात, मधला भाग काचेला लागत नाही. फिल्म जास्त वाकलेली असेल तर तिचा फुगवटा खिडकीतून काचेला भिडतोच, तिथे हा उपाय हरतो.

पूर्वी आम्ही कॉन्टॅक्ट फ्रेमवर आणि ड्रमवर अगदी बारीक पावडर फुंकायचो, तीही फट राखण्यासाठीच. वलयं जायची, पण हात जरा जड पडला की गुळगुळीत भागात पांढरे ठिपके यायचे. घरी हे करू नका. पावडर फिल्मवरून पुरती निघत नाही आणि स्कॅनरच्या आत गेली तर तिथून कधीच निघत नाही.

अँटी-न्यूटन काच आणि तिची परीक्षा

या कामाची खरी काच हीच. तिचं एक अंग साधं, दुसरं अगदी हलकं कोरलेलं असतं. कोरल्यामुळे फट जागोजागी बदलते, वलयं इतकी बारीक तुटतात की दिसत नाहीत. कोरलेलं अंग फिल्मच्या पाठीला लावायचं. उलटं लावलं तर काचेचा काही उपयोग नाही, वलयं येतातच, आणि माणूस काचेला दोष देत बसतो.

कोरलेलं अंग ओळखायला एखाद्या बल्बचं प्रतिबिंब दोन्ही बाजूंनी बघा. साध्या अंगात कडा धारदार दिसते, कोरलेल्या अंगात तिच्याभोवती धुकट कडं दिसतं. ओळखलं की साध्या बाजूच्या कोपऱ्यात, चौकटीबाहेर, पक्क्या शाईच्या पेनाने ठिपका द्या.

सगळी अँटी-न्यूटन काच सारखी नसते. कोरीव काम जितकं खरखरीत तितकी वलयं हमखास जातात, पण तोच खरखरीतपणा स्कॅनमध्ये खोट्या ग्रेनसारखा दिसतो. उत्तम काचेत कोरीव इतकं मंद असतं की हातात घेतल्यावर ही साधीच आहे की काय असं वाटतं. तपासायला छापील पानावर काच टेकवा आणि हळूहळू तीन-चार सेंटीमीटर उचला. अक्षरं किंचित धुरकट झाली तरी वाचता आली तर काच आपल्या कामाची. अक्षरांचा नुसता लगदा झाला तर ती फोटोफ्रेमची नॉन-ग्लेअर काच आहे. ही काच बरेच जण सुचवतात. माझा तिच्यावर विश्वास नाही. काही प्रकार सौम्य असतात आणि चालून जातात, पण बहुतेकांची पोत निळ्या आकाशात उमटते.

पानावरची परीक्षा चाळणीपुरती. खरी परीक्षा स्कॅनमध्ये. फिल्म न लावता, काच ज्या जागी बसणार त्याच जागी ठेवून, नेहमीच्या रिझोल्यूशनला स्कॅन करा आणि कर्व्ह्जमध्ये कॉन्ट्रास्ट भरपूर ताणा. गुळगुळीत करडा आला तर छान. वाळूसारखं काही दिसलं तर काच नव्वद अंशात फिरवून पुन्हा स्कॅन करा. नमुना काचेबरोबर फिरला तर दोष काचेचा, जागीच राहिला तर दिव्याचा किंवा सेन्सरवरच्या धुळीचा. मग आकाश किंवा कोरी भिंत असलेली निगेटिव्ह घेऊन तीच परीक्षा. गर्दीच्या, झाडापानांच्या चित्रावर काच तपासू नका, त्यात काहीही लपतं.

पोत दिसत असेल तर काच बदलण्यापूर्वी दिवा बघा. एकाच दिशेने येणारा कडक उजेड कोरीव काम ठळक करतो, सर्व बाजूंनी येणारा मऊ उजेड ते धुऊन टाकतो. लाइट पॅनेल चौकटीपेक्षा बरंच मोठं असावं, त्यावर दुधी डिफ्यूझर असावा, आणि फिल्म त्याच्यापासून तीन ते पाच सेंटीमीटर वर असावी. याहून जवळ गेलात तर पॅनेलचे स्वतःचे ठिपके दिसतात. फार लांब गेलात तर उजेड पुन्हा एकाच दिशेने यायला लागतो.

मिळवायची कुठून? बंद पडलेल्या एन्लार्जरच्या काचेच्या निगेटिव्ह कॅरियरमध्ये उत्तम प्रतीची अँटी-न्यूटन काच असते, आणि असे एन्लार्जर धूळ खात पडलेले असतात. निकॉनच्या कूलस्कॅन ८००० आणि ९००० साठी मिडियम फॉरमॅटचा काचेचा होल्डर होता, त्यातही हीच काच. एप्सनच्या व्ही ८०० आणि व्ही ८५० च्या होल्डरमध्ये अँटी-न्यूटन पृष्ठभागाची पारदर्शक पट्टी आधीच बसवलेली असते. काचेच्या स्लाइड माउंटमध्येही ती मिळते, पण तुकडा एका चौकटीपुरताच. नवी घेत असाल तर एका अंगाला कोरलेली, असं स्पष्ट विचारून घ्या. दोन्ही अंगांनी कोरलेली काच आली तर बाहेरचं अंग विनाकारण उजेड विखुरतं.

बाकीच्या काचा

कोटिंग केलेली परावर्तनरोधक काच, जी संग्रहालयातल्या चित्रांवर लावतात, ती दिसायला इतकी स्वच्छ असते की सगळे तिच्या प्रेमात पडतात. साध्या काचेचा एक पृष्ठभाग ४ टक्के प्रकाश परत फेकतो, चांगल्या कोटिंगने ते अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरतं. वलयं मात्र त्याच प्रमाणात उतरत नाहीत. फिल्मची पाठ आपला वाटा परत फेकतच असते, आणि वलयांचा ठळकपणा दोन परावर्तनांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतो. परावर्तन आठपटीने घटलं तरी वलयं एक तृतीयांशाच्या आसपास उरतात. स्लाइडवर कदाचित नजरेआड होतील, निगेटिव्हच्या आकाशात होणार नाहीत. पाठीला टेकवायला म्हणून मी ती घेत नाही. नाइलाजाने लेन्सच्या बाजूला काच ठेवावीच लागली, तर मात्र हिच्यासारखी दुसरी नाही.

साधी फ्लोट काच, खिडकीला असते तीच, सपाटपणात आपल्याला पुरून उरते. वितळलेल्या कथिलावर तरंगत बनल्यामुळे तिची दोन्ही अंगं आपल्या ०.१ मिमीच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त खरी असतात. तिचा हिरवट रंग कडेकडून दिसतो, २ मिमी जाडीतून जाताना जेमतेम, आणि व्हाइट बॅलन्समध्ये निघून जातो. त्यासाठी कमी लोहाची काच शोधायची गरज नाही. वलयांमुळे ती पाठीवर चालत नाही, एवढंच. बुडबुडे आणि ओरखडे नसलेला तुकडा निवडून घ्या.

टफन्ड काच नको. भट्टीतल्या रोलरवरून जाताना तिच्यात लाटा राहतात, आणि नंतर मापात कापताही येत नाही. अ‍ॅक्रिलिक हलकं आणि सुरक्षित, पण पुसलं की विजेचा भार घेतं, खोलीतली सगळी धूळ ओढून आणतं, लगेच ओरखडतं आणि स्वतःच वाकतं. फिल्म सपाट करायला स्वतः वाकणारी वस्तू घेण्यात अर्थ नाही.

जाडी आणि माप

३५ मिमी आणि १२० साठी २ मिमी, ४×५ आणि त्याहून मोठ्यासाठी ३ मिमी. १ मिमीची काच पुसतानाच हातात मोडते, आणि तिला वजन नसतं. फ्लॅटबेडवर वजनच तर काम करतं: २ मिमी जाड, १० बाय १२.५ सेंटीमीटरचा तुकडा साधारण ६० ग्रॅम भरतो, ३ मिमीचा ९० च्या वर. हट्टी १२० फिल्मसाठी हा फरक कळतो.

माप घेताना होल्डरच्या खाचेची आतली लांबी-रुंदी मोजा आणि काच दोन्हीकडे १ मिमी लहान कापून घ्या. काच होल्डरच्या कठड्यावर टेकली तर फिल्मवर दाब येतच नाही, ही अगदी नेहमी होणारी गफलत. दुसऱ्या बाजूने, ती चित्राच्या चौकटीपेक्षा मोठी हवी, नाहीतर काचेची कड चित्रात रेघ होऊन येते. ३५ मिमीची सहा चौकटींची पट्टी २२८ मिमी लांब होते, कारण चौकट ते चौकट अंतर ३८ मिमी असतं. एवढी लांब काच एकसंध घेण्यापेक्षा दोन-तीन चौकटींपुरता तुकडा सरकवत नेणं मला सोपं वाटतं. १२० साठी रुंदीला फिल्म साधारण ६१ मिमी, चित्र ५६.

कडा घासून घ्या. काच कापणाऱ्याला सांगितलं तर तो मशीनवर मारून देतो. स्वतः करायचं तर पाण्याखाली, बारीक वॉटर पेपरने, कोपऱ्यांसकट. कोरडं घासू नका, काचेची भुकटी श्वासात जाते. न घासलेली कड बोट कापते ते कापतेच, फिल्मवर ओरखडाही पाडते.

बसवायची कशी

फ्लॅटबेडवर लेन्स खाली, दिवा झाकणात. होल्डरमध्ये फिल्म इमल्शन खाली, फुगवटा वर, आणि काच वरून, कोरलेलं अंग खाली. स्कॅनरबरोबरच्या सूचनेत बहुधा चकचकीत अंग खाली ठेवायला सांगितलेलं असतं. ती सूचना काच नसतानाची. फिल्म सरळ स्कॅनरच्या काचेवर टाकू नका. तिथे वलयं येतात आणि अनेक स्कॅनरचा फिल्मसाठीचा फोकस बेडच्या दोन-तीन मिलिमीटर वर ठेवलेला असतो. नेमका किती वर, ते प्रत्येक यंत्राचं वेगळं. होल्डरच्या पायांखाली कागदाचे थर एकेक वाढवत एकाच चौकटीचे स्कॅन घ्या आणि ग्रेन जिथे सर्वात टोकदार ती उंची पकडा. हे फिल्म सपाट झाल्यावरच करायचं, नाहीतर तुम्ही उंची मोजताय की बाक, ते कळणार नाही.

कॅमेरा वर आणि पॅनेल खाली असेल तर सगळं उलटं: काच खाली, कोरलेलं अंग वर, त्यावर फिल्म पाठ खाली करून. कडा वर उठलेल्या असतील, त्या दाबायला वरून खिडकी कापलेली पातळ, ताठ, काळी पट्टी. इथे दाबायचं काम पट्टी करते, काच फक्त खालचा आधार. पट्टीची आतली कड मंद काळी रंगवा, चकाकली तर चित्राच्या कडेला उजेडाची किनार येते. फोकस कधीही काचेच्या किंवा पट्टीच्या कडेवर करू नका. ग्रेनवर करा, मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत तपासा.

लांबीतही गुंडाळलेली जुनी रोल फिल्म एका काचेने ऐकत नाही. तिला दोन काचांमध्ये घालावं लागतं: दिव्याकडे अँटी-न्यूटन, लेन्सकडे कोटिंगवाली. मग खोलीतला दिवा बंद, कॅमेऱ्याची चकाकती अक्षरं काळ्या टेपने झाकलेली, आणि चार पृष्ठभाग पुसायची तयारी. इमल्शनकडेही वलयं उठली तर लेन्सकडची काचही अँटी-न्यूटन लावून बघता येते, पण थोडी तीक्ष्णता जाते. इतका त्रास झाला तर मी द्रवात बसवून स्कॅन करते. हवेची फटच उरत नाही, त्यामुळे वलयं नाहीत आणि पाठीवरचे ओरखडेही बुजतात. काम वेळखाऊ आणि चिकट आहे, निवडक चौकटींसाठीच.

माउंटमध्ये असलेल्या स्लाइडला यातलं काही लागू होत नाही. माउंटच्या जाडीमुळे काच फिल्मपर्यंत पोचतच नाही. स्लाइड काढा, नाहीतर बाक सोसा.

पुसणं आणि ठेवणं

साधं अंग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबरने पुसलं की झालं. कोटिंगवर अमोनियावाला काचेचा स्प्रे मारू नका. कोरलेल्या अंगाला कापडाने घासू नका. बोटाचं तेल त्याच्या खड्ड्यांत बसतं आणि घासल्याने पसरतं. ते कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचा थेंब टाकून, स्वच्छ बोटांनी धुवायचं, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने विसळून उभं वाळवायचं. स्कॅनच्या वेळी फक्त ब्लोअर आणि मऊ ब्रश. डिजिटल आइसच्या (स्कॅनरच्या, इन्फ्रारेडने धूळ ओळखून पुसणाऱ्या सोयीच्या) भरवशावर धूळ सोडू नका, कारण चांदीच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर ते चालत नाही.

खोलीत आर्द्रता ४० ते ५० टक्के असेल तर फिल्म कमी वाकते, धूळही कमी उडते. हवा फार दमट असेल तर स्कॅन झाल्या झाल्या फिल्म काचेखालून काढा. जिलेटिन मऊ पडून काचेला चिकटतं, आणि जिथे चिकटलं तिथे इमल्शनवर चकचकीत डाग राहतो. जेवायला उठताना पट्टी दोन काचांमध्ये दाबून ठेवून जाऊ नका. काच ठेवताना उभी, आम्लरहित कागदात गुंडाळून, आणि कोरलेल्या अंगावर दुसरी काच घासणार नाही अशी.